मागचा आवाज कळावा की केवळ जाणवावा? सराउंड स्पीकरच्या जागेचा इतिहास

#धागा

१/
घरी होम थिएटर बसवताना पुढच्या तीन स्पीकरांविषयी फारसा वाद होत नाही. पडदा जिथे, तिथे ते. खरा घोळ सुरू होतो उरलेल्या दोन स्पीकरांपाशी. कोणी सांगतो, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना लावा. कोणी सांगतो, मागच्या कोपऱ्यांत लावा. कोणी कानाच्या उंचीचा आग्रह धरतो, कोणी छताजवळच्या जागेचा. कोणी आवाज थेट फेकणारा स्पीकर सुचवतो, कोणी भिंतींवर विखुरणारा.

२/
गंमत अशी की, यांपैकी प्रत्येक सल्ल्यामागे कधीकाळी सबळ कारण होते. प्रत्येक सल्ला चित्रपटध्वनीच्या एका विशिष्ट कालखंडात, त्या काळच्या अडचणीवर उत्तर म्हणून जन्मला. अडचण सरली, सल्ला मात्र उरला. त्यामुळे सराउंड स्पीकरची जागा हा ध्वनिशास्त्राइतकाच इतिहासाचाही विषय ठरतो. आणि त्या इतिहासाच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे : मागून येणारा आवाज प्रेक्षकाला स्पष्ट कळावा, की केवळ जाणवावा?

३/
आवाजाला दिशा असते आणि ती दूरवर पोहोचवता येते, याचा पहिला मोठा जाहीर प्रत्यय १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात आला. क्लेमां आदेर या अभियंत्याने पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडले आणि तारांनी ते प्रदर्शनस्थळाशी जोडले. श्रोत्याच्या प्रत्येक कानाला वेगळा रिसीव्हर होता. गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकला की ते श्रोत्याला ऐकूनच उमगत असे. परंतु हा सारा अनुभव समोरच्या रंगमंचापुरता होता.

४/
बोलपट आल्यावर हा प्रश्न नव्याने उभा राहिला. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र एकाच स्पीकरमधून, ही विसंगती ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन याला खटकली. ईएमआय कंपनीत काम करताना त्याने डिसेंबर १९३१ मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या स्टीरिओ ध्वनीची बरीचशी मूलतत्त्वे त्यात आहेत. १९३५ मध्ये त्याने हेज रेल्वे स्थानकावरील गाड्यांचे प्रायोगिक चित्रणही दोन मार्गिकांच्या ध्वनीसह केले. १९४२ मध्ये, रडारच्या चाचणीदरम्यान झालेल्या विमान अपघातात वयाच्या ३८ व्या वर्षी तो मरण पावला.

५/
ब्लमलाइनची चिंता पडद्यापुरती होती. आवाज प्रेक्षकाच्या पाठीमागे न्यावा, ही महत्त्वाकांक्षा वॉल्ट डिस्नेची. ‘फँटेशिया’ हा चित्रपट १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये प्रथम दाखवला गेला, तोच ‘फँटासाउंड’ या यंत्रणेसह. विल्यम गॅरिटी आणि जॉन हॉकिन्स हे तिचे प्रमुख अभियंते. ध्वनीसाठी स्वतंत्र फीत होती. तिच्यावर आवाजाच्या तीन मार्गिका, आणि कोणत्या बाजूचा आवाज किती वाढवायचा हे ठरवणारी चौथी नियंत्रक मार्गिका होती. संगीत-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या तीन मार्गिकांच्या प्रयोगात भाग घेतलेला असल्याने हे क्षेत्र त्यांना नवे नव्हते.

६/
फँटासाउंडचा खर्च अफाट होता आणि यंत्रसामग्री अवजड. ती मोजक्याच चित्रपटगृहांत बसली. पुढे युद्धाच्या गरजांनी अशा यंत्रांचा मार्गच बंद केला आणि चित्रपट सर्वत्र साध्या एकमार्गी ध्वनीसह प्रदर्शित झाला. तरी एक पायंडा पडला : प्रेक्षागृहाच्या भिंतींनाही आवाज असू शकतो. या घटनेला बारा वर्षे उलटल्यावर, ३० सप्टेंबर १९५२ रोजी, त्याच ब्रॉडवे थिएटरमध्ये ‘धिस इज सिनेरामा’ झळकला. घरोघरी पोहोचणाऱ्या टेलिव्हिजनला उत्तर म्हणून आता विशाल वक्र पडदा आला आणि त्याच्या सोबतीला चुंबकीय फितीवरचा सात मार्गिकांचा ध्वनी आला.

७/
सिनेरामाही महागडाच होता. तो वारसा सामान्य चित्रपटगृहांकडे नेण्याचा प्रयत्न सिनेमास्कोपने केला. सप्टेंबर १९५३ मध्ये आलेल्या ‘द रोब’च्या प्रतींवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या : डावी, मधली, उजवी आणि चौथी प्रेक्षागृहासाठी. ही चौथी पट्टी अरुंद होती, त्यामुळे तिच्यातून सतत खरखर येई. उपाय असा काढला गेला की, पट्टीवर १२ किलोहर्ट्झचा एक सूर नोंदवायचा. तो सूर असेल तेव्हाच भिंतींवरचे स्पीकर चालू होत. एरवी ते गप्प राहत.

८/
या तांत्रिक तडजोडीने चौथ्या मार्गिकेचा स्वभावच ठरवून टाकला. ती अखंड बोलणारी नव्हती. देवळातील घुमणारा आवाज, वादळ, आकाशवाणी अशा प्रसंगीच ती जागी होई. तिला ‘इफेक्ट्स’ची मार्गिका म्हटले जाई, यातच सर्व आले. पटकथेत एखादा विशेष क्षण आला की मागचे स्पीकर जागे करायचे, ही सवय अशा प्रकारे एका खरखरीतून निर्माण झाली.

९/
दुसरी अडचण प्रेक्षकाच्या मानेची होती. पाठीमागून अचानक, एका ठळक बिंदूतून आवाज आला की माणूस वळून पाहतो. तिथे त्याला दिसतो तो बाहेर जाण्याच्या दारावरचा दिवा, आणि कथेची पकड सुटते. चित्रपटध्वनीच्या व्यवसायात याला ‘एक्झिट साइन’ परिणाम असेच नाव पडले. यातून चित्रपटगृहांचा एक नियम रूढ झाला : भिंतींवर एकच मोठा स्पीकर लावायचा नाही. अनेक लहान स्पीकरांची रांग लावायची आणि सर्वांना एकच आवाज द्यायचा. म्हणजे आवाज सगळीकडून येतो, पण नेमका कुठून ते कळत नाही.

१०/
मुंबईच्या प्रेक्षकांनीही भव्य पडद्याबरोबर आलेला हा बहुमार्गी ध्वनी अनुभवला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे चित्रण ३५ मिलिमीटरच्या फितीवर झाले होते, नंतर ते ७० मिलिमीटरमध्ये मोठे करून स्टीरिओफोनिक ध्वनीसह दाखवले गेले. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. ७० मिलिमीटरच्या रुंद फितीवर चुंबकीय पट्ट्यांना भरपूर जागा होती. मात्र अशा प्रती महाग असत आणि त्या दाखवू शकणारी चित्रपटगृहे थोडी असत.

११/
चित्रपटगृहात आवाज विखुरण्याची कला रुजत असताना संगीताच्या बाजारात नेमका उलटा प्रयोग चालू होता. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ‘क्वाड्रोफोनिक’ तबकड्या आल्या. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार सारखे स्पीकर आणि मधोमध श्रोता, अशी ही कल्पना. मागचा आवाज येथे पुढच्या आवाजाच्या बरोबरीचा होता. तो नुसता जाणवून भागणार नव्हते. तो स्पष्ट कळायलाच हवा होता.

१२/
काही वर्षांतच हा प्रयोग कोसळला. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४ या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्यामुळे तबकडी कोणती आणि यंत्र कोणते, याचा ग्राहकाला उलगडा होईना. पण कारण केवळ व्यापारी नव्हते. पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून ९० अंशांवर गेल्याने मधला आवाज पोकळ होई. आणि पुढचा व मागचा स्पीकर मिळून बाजूला एखादा आवाज स्थिर उभा करतील, ही अपेक्षाही फोल ठरली.

१३/
याचे मूळ माणसाच्या कानांत आहे. दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्याच्या वेळेत आणि तीव्रतेत जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. अगदी समोरच्या आवाजाची जागा सुमारे एका अंशाने बदलली तरी ती जाणवते. कानाच्या सरळ रेषेत, म्हणजे बाजूला, हीच अचूकता कित्येक पटींनी घटते. म्हणून दोन स्पीकरांच्या मध्ये आभासी आवाज उभा करण्याची युक्ती समोर उत्तम चालते आणि बाजूला फसते. बाजूने आवाज हवा असेल, तर स्पीकर खरोखरच बाजूला हवा. क्वाड्रोफोनिकच्या अपयशाने शिकवलेला हा धडा पुढे फार उपयोगी पडला.

१४/
त्या अपयशातून दुसरीही एक गोष्ट शिल्लक राहिली. दोन मार्गिकांत चार मार्गिका गुंफण्याचे तंत्र, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात, ते डॉल्बी प्रयोगशाळेने चित्रपटासाठी वापरले. साध्या ३५ मिलिमीटरच्या फितीवर प्रकाशमुद्रित दोनच मार्गिका. त्यांतून चित्रपटगृहात डावी, मधली, उजवी आणि सराउंड अशा चार उलगडत. महागड्या चुंबकीय पट्ट्यांची गरज संपली. मे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला आणि डॉल्बी स्टीरिओ बसवून घेणे चित्रपटगृहांना फायद्याचे वाटू लागले.

१५/
या गुंफणीची किंमतही होती. उलगडताना पुढचे संवाद थोडेफार सराउंडमध्ये झिरपत. त्यावर दोन उपाय केले गेले. सराउंडमधील ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापला, म्हणजे संवादांतील टोकदार ‘स’कार मागून ऐकू येत नसत. शिवाय सराउंडचा आवाज किंचित उशिरा सोडला. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधी पोहोचतो त्याचीच दिशा मेंदू खरी मानतो, या तत्त्वाचा हा उपयोग. परिणामी मागचा आवाज मंद, उशिरा येणारा, एकेरी आणि अस्पष्टच राहिला.

१६/
ही मर्यादा तोडण्याचा मोठा प्रयत्न ऑगस्ट १९७९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ॲपोकॅलिप्स नाऊ’मध्ये दिसतो. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला आणि ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यांनी ७० मिलिमीटरच्या प्रतींसाठी सराउंडचे डावे आणि उजवे असे दोन स्वतंत्र भाग केले. चित्रपटाच्या आरंभीचे हेलिकॉप्टर प्रेक्षागृहाभोवती घिरट्या घालू शकले ते यामुळेच. पुढे तीन, मागे दोन आणि खर्जासाठी वेगळी सोय, ही आजच्या ५.१ ची मांडणी येथे जवळजवळ पूर्ण झालेली दिसते. या चित्रपटाला ध्वनीचे ऑस्कर मिळाले.

१७/
याच सुमारास सराउंड घरात शिरत होता. मॅट्रिक्सची खुबी अशी की, चित्रपटाच्या दोन मार्गिका व्हिडिओ फितीवर उतरल्या तरी गुंफलेला सराउंड त्यांत शाबूत राही. तो बाहेर काढायचे यंत्र तेवढे हवे. डेव्हिड हॅफलर यांनी सुचवलेली एक स्वस्त जोडणी हौशी मंडळींना आधीपासून ठाऊक होती : मागचा स्पीकर डाव्या आणि उजव्या वाहिनीच्या धन टोकांमध्ये जोडायचा, म्हणजे त्यातून दोन्हींमधला फरकच वाजतो. १९८२ मध्ये घरगुती डॉल्बी सराउंड आणि १९८७ मध्ये प्रो लॉजिक आले, आणि दिवाणखान्यात मागचे स्पीकर रुजले.

१८/
पण घरात भिंतभर स्पीकरांची रांग कुठून आणायची? दोनच स्पीकर, तेही श्रोत्यापासून हातभर अंतरावर. आवाज कुठून येतो ते लगेच कळे. लुकासफिल्ममधील टॉमलिन्सन होल्मन यांनी चित्रपटगृहांसाठी घडवलेल्या टीएचएक्स मानकांची घरगुती आवृत्ती १९९० च्या सुमारास आली, तिने यावर ‘डायपोल’ स्पीकरचा तोडगा काढला. त्याचे एक तोंड पडद्याकडे, दुसरे मागच्या भिंतीकडे, आणि दोन्हींचे आवाज परस्परविरुद्ध कलेत. श्रोत्याच्या थेट दिशेने ते एकमेकांना खोडून काढतात. उरतो तो भिंतींवरून परतणारा, दिशाहीन आवाज.

१९/
डायपोल नेमका बाजूच्या भिंतीवर आणि कानांपेक्षा वर लावण्याचा सल्ला येथून आला. त्याची मूक बाजू श्रोत्याकडे असली तरच युक्ती साधते. तो मागच्या भिंतीवर लावला की ही भूमिती बिघडते. एकेरी, मंद सराउंडसाठी हा तोडगा अत्यंत बुद्धिमान होता. दोन लहान खोक्यांकडून त्याने चित्रपटगृहाच्या अख्ख्या भिंतीचे काम करून घेतले.

२०/
मग ती अडचणच नाहीशी झाली. जून १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आले. फितीच्या कडेच्या छिद्रांमधील रिकाम्या जागेत ध्वनीची अंकीय माहिती छापलेली असे. पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस आले, त्याचा ध्वनी वेगळ्या तबकडीवरून वाजे. सराउंड आता दोन होते, एकमेकांपासून स्वतंत्र आणि पुढच्या वाहिन्यांइतकेच पूर्ण पल्ल्याचे. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली आणि काही वर्षांतच ही क्षमता सामान्य घरांत पोहोचली.

२१/
त्याच दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने पाच वाहिन्यांच्या ध्वनीसाठी बीएस-७७५ ही शिफारस केली. मधला स्पीकर शून्य अंशावर, डावा-उजवा प्रत्येकी ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. सर्व श्रोत्यापासून समान अंतरावर. श्रोत्याचे नाक पडद्याकडे असेल तर खांद्याची सरळ रेषा म्हणजे ९० अंश. शिफारशीतली जागा खांद्याच्या किंचित मागे येते. क्वाड्रोफोनिकचा कोपरा येथे सोडून दिला आहे, कारण तिथल्या स्पीकरमुळे बाजू रिकामी पडते. अगदी ९० अंशांवर मागचा भास क्षीण होतो. ११० हा आकडा म्हणजे या दोन उणिवांमधला समझोता आहे.

२२/
कोपऱ्याची गरज पुढे वेगळ्या वाटेने परतली. मे १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘द फँटम मेनस’साठी सराउंड ईएक्स पद्धतीने पाठीमागची आणखी एक वाहिनी जोडली. घरांत त्यातून ७.१ रूढ झाले : बाजूचे दोन स्पीकर ९० ते ११० अंशांवर, मागचे दोन १३५ ते १५० अंशांवर. ५.१ आणि ७.१ चे सल्ले एकमेकांत मिसळल्यानेही पुष्कळ गोंधळ होतो. पाचच स्पीकर असताना सराउंड १५० अंशांवर नेणे म्हणजे दोन वेगळ्या आराखड्यांची सरमिसळ करणे होय.

२३/
जून २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’बरोबर डॉल्बी ॲटमॉस आले. आवाज आता वाहिनीला बांधलेला राहिला नाही. तो अवकाशातील एक वस्तू म्हणून नोंदवला जातो आणि उपलब्ध स्पीकरांतून कुठे वाजायचा ते यंत्र ठरवते. चित्रपटगृहाच्या भिंतीवरील रांगेतला प्रत्येक स्पीकर स्वतंत्रपणे बोलू लागला. २०१४ पासून ही पद्धत घरांतही आली. छतावर वेगळे स्पीकर आल्याने बाजूचे स्पीकर पुन्हा कानाच्या उंचीजवळ उतरले. ते वरच राहिले, तर पाऊस छतावर पडतो आहे की खिडकीबाहेर, हा फरकच पुसला जातो.

२४/
या पार्श्वभूमीवर आजची निवड सोपी होते. नव्या चित्रपटांतील आवाजाला नेमकी जागा असते. तिथे थेट आवाज फेकणारा, पुढच्या स्पीकरांशी जुळणाऱ्या पोताचा स्पीकर योग्य. विखुरणारा स्पीकर हवाच असेल, तर त्यालाही एक खरे कारण उरते : खोली अरुंद असणे आणि कोणाच्या तरी कानाशीच स्पीकर येणे. तेव्हाही तो कानाच्या पातळीपासून थोडा वर नेणे, हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे. त्याने जवळच्या आणि दूरच्या बैठकीतील अंतराचा फरक कमी होतो.

२५/
शहरी फ्लॅटमध्ये सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे ११० अंशांवर भिंतच येते. सोफा हात-दीड हात पुढे ओढला तरी पुष्कळ साधते. तेही अशक्य असेल, तर स्पीकर बाजूच्या भिंतींवर, ९० अंशांच्या आसपास लावावेत. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला गॅलरीचे दार असेल, तर दोन्ही स्पीकरांचे अंतर सारखे राहणार नाही. आवाजाला ३४ सेंटिमीटर कापायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. मोजपट्टीने घेतलेली खरी अंतरे रिसीव्हरमध्ये भरली की जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा थांबवून सोडला जातो. १९७० च्या दशकात चित्रपटगृहांनी वापरलेली उशिराची युक्ती आज अशी घरात काम करते.

२६/
कळावा की जाणवावा, या प्रश्नाचा निकाल मात्र कायमचा लागलेला नाही. ‘द रोब’च्या काळी खरखरीने तो ठरवला, डॉल्बी स्टीरिओच्या काळी झिरपणाऱ्या संवादांनी, टीएचएक्सच्या काळी दिवाणखान्याच्या आकाराने. आज तंत्राचा अडसर उरलेला नसल्यामुळे तो निर्णय पुन्हा ध्वनिरचनाकाराच्या हाती आला आहे. कुठे हेलिकॉप्टर नेमके डोक्यामागून जावे आणि कुठे पाऊस नुसता भोवती असावा, हे तो प्रसंगागणिक ठरवतो. घरातल्या स्पीकरने त्याला दोन्हींची मुभा ठेवावी, इतकेच.

२७/
म्हणून पुढच्या वेळी कोणी ठामपणे सांगितले की सराउंड स्पीकर अमुकच जागी हवा, तर त्याला एक प्रश्न जरूर विचारावा : हा सल्ला कोणत्या सालचा?

— धागा समाप्त —
#इतिहास #चित्रपटध्वनी #मराठी